शर्टावरचा जकोबी

नाही, पण तुम्हीच सांगा, जिवंत पोराच्या नावानं कुणी हात वर करतं का हो? एक नाही, दोन नाही, पाचशे माणसं! अंधारात पाचशे हात वर, निम्म्या हातांत लायटर पेटवलेले, आणि स्टेजवर तो बंकी, गळ्यात टॉवेल, आवाज असा की विहिरीच्या तळातून बोलतोय, 'छोट्या जकोबीसाठी... वरून आपल्याकडं बघतोय तो... छोटा जकोबी...' आणि माझा जकोबी कुठं? आईच्या घरी, पाळण्यात, पोटभर दूध पिऊन झोपलेला! पोरगं जिवंत आहे हो माझं! पण ऐकतंय कोण?

तुम्हाला सांगते, मला जायचंच नव्हतं. ट्रेनीसच्या नादाला लागले. ट्रेनीस म्हणजे माझी थोरली बहीण, तिला कशाचीच भीती वाटत नाही आणि तिच्या वाटणीची भीती पण मलाच वाटते. म्हणाली, 'लव्हेट, वर्ष झालं तू घराबाहेर पडली नाहीस. अंगाला आंबलेल्या दुधाचा वास यायला लागलाय तुझ्या. शनिवारी आइसहाउस क्लबला तीन बँड आहेत, शेवटी बंकीचा हार्ड पॉकेट. नेसायचं-बिसायचं काही बघू नकोस, मी दोघींना शर्ट करून आणलेत.'

शर्ट! सगळं रामायण त्या शर्टाचं. मंगळवारी जकोबीला वर्ष पूर्ण झालं, म्हणून हिनं त्याचा फोटो शर्टावर छापून आणला. कुठून? तर त्या कोपऱ्यावरच्या शर्टवाल्याकडून. आता आमच्या भागात तो शर्टवाला कशासाठी प्रसिद्ध आहे? कुणाचं पोरगं गोळी लागून गेलं की दुसऱ्या दिवशी घरचे त्याच्याकडं फोटो घेऊन जातात, आणि तिसऱ्या दिवशी अख्खी गल्ली तो चेहरा छातीवर घालून फिरते. वाढदिवसाचा शर्ट त्या माणसानं जन्मात केला नव्हता. त्याच्याकडं साचा एकच! मागं निळं आभाळ, कापसासारखे ढग, दोन बाजूंना दोन कबुतरं. मध्ये माझा जकोबी. फोटो कसला? झोपलेला! कारण म्हणे जागेपणी तो स्थिर राहतच नाही. डोळे मिटलेले, हात छातीवर. खाली दोन तारखा, ९ मार्च ९८ आणि ९ मार्च ९९, मध्ये आडवी रेघ. आणि सगळ्यात खाली वळणदार अक्षरात, 'आमचा देवदूत.'

मी शर्ट उलटसुलट करून बघितला. म्हटलं, 'ट्रेनीस, हे असं का दिसतंय गं?'

'असं म्हणजे कसं?'

'म्हणजे... तसं.'

'तुला ना, केकवरची मेणबत्ती पण चितेसारखी दिसते! अगं, वाढदिवस ते वाढदिवस, एक वर्ष. ढग त्यानं फुकट टाकलेत. आणि देवदूत नाही तर काय आहे तो?'

आता तुम्हीच बघा! माझ्या कपाटाचा तिसरा खण उघडा, तुम्हाला सात शर्ट दिसतील, सगळे असेच, ढगांचे. माझे सात मित्र त्या खणात घडी घालून ठेवलेत मी. रॉन्डेल सातवीत माझ्या शेजारी बसायचा, वह्या माझ्या वापरायचा आणि वर माझंच अक्षर वाईट म्हणायचा, तो सगळ्यात खाली आहे. हिवाळ्यात रात्री थंडी वाजली की त्यांच्यातलाच कुणीतरी काढून अंगात घालते. त्या खणाला मी ओळखत नाही होय? पण ट्रेनीस म्हणाली घाल, घातला. निघताना जकोबीनं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला, नुकते चार दात आलेत त्याला. आई म्हणाली, 'जा गं बाई. चार पोरं वाढवली मी, एकही बसमध्ये विसरून आले नाही.' मी गेले. दारापर्यंत जाऊन तीनदा परत आले आणि मग गेले.

बरं, शर्ट घालून नुसतं नाचायचं नव्हतं, बेत होता ना ट्रेनीसचा! तुम्हाला ठाऊकच आहे, गो-गोत, म्हणजे आमच्या शहराच्या त्या न थांबणाऱ्या ढोलाच्या नाचगाण्यात, गाणारा नुसता गात नाही, तो बोलतो. समोर कोण आलंय ते बघून नावं घेतो. आधी मोहल्ले, 'ट्रिनिडॅड कुठंय? काँग्रेस हाइट्स झोपली का?' मग वाढदिवस. आणि बंकीच्या तोंडून एकदा नाव निघालं की ते टेपवर जातं, शनिवारची टेप सोमवारी दुकानात येते, आणि आठवडाभरात शहरातल्या प्रत्येक गाडीत, प्रत्येक न्हाव्याकडं तुमचं नाव वाजतं. ट्रेनीसला तेच हवं होतं. जकोबीचा पहिला वाढदिवस शहरभर वाजला पाहिजे! म्हणून मला ढकलत ढकलत नेलं पार पुढं, स्टेजला पोट टेकेल इतकं पुढं.

पहिले दोन बँड पोरासोरांचे, त्यांच्या डब्यापत्र्याच्या आवाजात मी दोनदा जाऊन आईला फोन करून आले. बायकांच्या बाथरूमशेजारी बोळात फोन आहे, नाणं टाकायचा. 'झोपला का?' 'झोपला.' वीस मिनिटांनी, 'कुशीवर आहे की पाठीवर?' 'पायावर उभा राहून झोपलाय! ठेव फोन!' मग हार्ड पॉकेट आले. आणि काय सांगू हो तुम्हाला... कोंगा, ते हातांनी बडवायचे ढोल, सुरू झाले, ती घंटा सुरू झाली, टिंग-टिं-टिंग, आणि माझे पाय वर्षभरानं माझे झाले. नाचले! खरंच नाचले. पंधरा मिनिटं पोराची आठवण आली नाही. देवानं नेमकी तीच पंधरा मिनिटं बघितली असणार.

वाढदिवस सुरू झाले. ट्रेनीस उड्या मारतेय, शर्ट ताणून दाखवतेय, 'बंकी! इकडं! इकडं बघ!' बंकीनं बघितलं. शाळेपासूनची ओळख हो, माझ्या दोन वर्षं पुढं होता. शर्टावर नजर गेली, तारखांवर गेली, आणि त्याचा चेहरा... असा मिटला. छातीवर हात ठेवून त्यानं मला मान लववली आणि पुढच्या मुलीचा वाढदिवस घेतला. ट्रेनीस म्हणते, 'हा मान का हलवतोय?' मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी कळलं होतं. पण मी आपली पुढच्या मुलीच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवत राहिले!

वाढदिवस संपले. दिवे उतरले. घंटा थांबली, नुसते कोंगा राहिले, हळू... दारावर कुणीतरी बोटांनी टकटक करावं तसे. आणि बंकी म्हणाला, 'आता आपले गेलेले.' एकेक नाव. प्रत्येक नावाला हात वर, कुठूनतरी एक हुंदका. आणि पाचवं की सहावं नाव, 'छोटा जकोबी. एकच वर्ष दिलं देवानं. लव्हेट, आम्ही सगळे आहोत गं.'

पाचशे हात वर! आणि माझी सख्खी बहीण, जिनं हे घडवलं, तिनं काय केलं? तिनं पण हात वर केला! मी म्हटलं, 'ट्रेनीस!' ती दचकली, आपल्याच हाताकडं बघत राहिली, 'अगं... सवयीनं गेला.' सवय! आणि तिला तरी काय बोलू? माझाही हात खांद्याच्या वर गेला होता हो. माझाही!

पोरगं जिवंत आहे हो माझं! ओरडले मी. शेजारच्या पोरीनं मला मिठी मारली. 'आहेच गं, आपल्या सगळ्यांच्या मनात आहेच.' अगं भवाने, मनात नाही, पाळण्यात!

तशी धावले फोनकडं. नाणं टाकलं. टूं, टूं, टूं. बिझी. पुन्हा टाकलं. टूं, टूं. रात्री साडेबाराला आई कुणाशी बोलेल? अँब्युलन्सशी! दुसरं कुणाशी? मला स्पष्ट दिसलं, आई पाळण्यापाशी उभी आहे, फोनची वायर ताणलेली आहे... कारण नाव घेतलं ना त्यानं! नाव त्या यादीत घेतलं. यादीतलं कुणी कधी परत आलंय का? माझी आजी म्हणायची, मरण बहिरं असतं, पण नाव पुकारलं की त्याला बरोबर ऐकू येतं. टूं, टूं, टूं.

कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मिस ओडेसा. साठीची बाई, दर शनिवारी येते, खुर्चीवर बसून असते, कुणी तिला तिकीट मागत नाही. तिचा डेल्विन याच बँडमध्ये घंटा वाजवायचा. चार वर्षं झाली. त्याचा शर्ट इतका धुतलाय की चेहरा गेलाय नुसता, ढग तेवढे राहिलेत.

'रडून घे, बाळा,' ती म्हणाली. 'सगळ्यात वाईट काय असतं सांगू? लोक नाव घ्यायचे थांबतात ते. पण तुझ्या बाळाची काळजी करू नकोस. मी डेल्विनला सांगितलंय मघाशीच, पोरावर लक्ष ठेव म्हणून. त्याला लहान मुलांचं फार वेड. तो त्याला कडेवरून खाली ठेवणार नाही बघ.'

अहो! माझं जिवंत पोर एका मेलेल्या माणसाच्या कडेवर देऊन मोकळी झाली ही बाई! सांगायला पाहिजे होतं ना मी? 'मिस ओडेसा, चूक झाली, माझा आहे, फक्त तुमचाच गेलाय' असं? कसं म्हणू? तुम्ही म्हटलं असतं? मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले. कुणासाठी रडत होते मलाच कळेना.

मग ठरवलं, फोन लागत नाही तर नाही, पण ते नाव खाली उतरवून घ्यायचं. ज्या तोंडानं यादीत घातलं त्याच तोंडानं बाहेर काढायचं, आत्ता, टेप चालू आहे तोवर. पण कधी? गो-गोत ताल थांबतो का कधी? एक गाणं संपतं त्याच्या आत दुसरं शिरतं, श्वास घ्यायला फट नाही! मी स्टेजकडं निघाले, आणि काय सांगू... गर्दी आपोआप बाजूला झाली. एरवी मुंगी शिरणार नाही तिथं मला अशी वाट! पोर गेलेल्या आईला गो-गोत कुणी अडवत नाही. दरवाज्यावरच्या त्या दांडग्यानं स्वतः मला काखेत धरून वर चढवलं, 'सावकाश, ताई.'

बंकीच्या कानात ओरडले, 'जिवंत आहे!'

'हो गं लव्हेट. कायमच राहील.'

'अरे गाढवा, वाढदिवस! वाढदिवस आहे त्याचा! ढग फुकट होते!'

तो मला थोपटायला लागला. तशी मी बाही वर सारली आणि दंड धरला त्याच्या नाकासमोर. चार दात, ताजे, लालभडक. 'आज साडेसात वाजता चावलाय मला. मेलेली पोरं चावतात?'

बंकीनं दाताचे वण मोजले. त्याला स्वतःला तीन पोरं आहेत, त्याला ओळखू येतात. त्याचा जबडा खाली आला. मग माइक तोंडाशी, आणि आवाज फुटलेला, 'थांबा थांबा थांबा... हात खाली! हात खाली घ्या सगळे! पोरगं जिवंत आहे!'

हात खाली आले. मग घंटा आली, टिंग-टिं-टिंग, आणि पाचशे गळे, 'जिवंत आहे!'

'कोण जिवंत आहे?'

'जकोबी जिवंत आहे!'

छत हलत होतं हो! ट्रेनीस खाली उड्या मारतेय, जसं काही तिनंच वाचवलं त्याला. आणि मी वर उभी, हसतेय, आणि आतून बर्फ. कारण मी ओरडले खरी, पण मला तरी कुठं ठाऊक होतं? दात साडेसातचे. फोन साडेबाराचा बिझी.

तेवढ्यात मला खाली मिस ओडेसा दिसली. स्टेजच्या कडेला येऊन उभी होती, दोन्ही हात फळीवर. मला वाटलं आता बोलणार, खोटारडी म्हणणार. तिनं माझ्यावरची नजर काढली. बंकीला म्हणाली, 'बंकी, माझ्या डेल्विनला पण एकदा म्हण की तसं.'

बंकीनं माइक घट्ट धरला. माइकमधून त्याचा श्वास ऐकू येतोय सगळ्यांना. घंटेवरचा मुलगा, डेल्विनच्या जागेवर आलेला, तो मागं वळून बघतोय. मग बंकीनं डोळे मिटले.

'डेल्विन जिवंत आहे!'

'जिवंत आहे!'

झालं! मग कोण थांबतंय? जो तो पुढं, शर्ट ताणून, 'माझा भाऊ म्हण.' 'आमचा किटो म्हण.' कागदाच्या चिठ्ठ्या, पाठीवर छापलेली नावं, एक पोरगी आपल्या दंडावर गोंदलेलं नाव दाखवत होती. बंकी म्हणतोय, लोक ओरडतायत, घंटा सुटत नाही. आणि मी पण, मला कुणी सांगितलं होतं का, पण मी पण माइक ओढला आणि म्हटलं, 'रॉन्डेल!' आणि तुम्हाला सांगते, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पाचशे माणसांचा तो क्लब मला एकदम हजारांचा वाटायला लागला. पाय ठेवायला जागा नाही. खांद्याला खांदे लागत होते, आणि काही खांदे गार होते.

मग मात्र मी घाबरले. अहो, सगळे मेलेले एका माळेत ओवले, आणि माळेचा पहिला मणी कोण? माझा जकोबी! 'ट्रेनीस, गाडी काढ!' गाडीच्या काचेवर बर्फाचा थर, ट्रेनीस कार्डानं खरवडतेय, मी नखांनी. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. आईच्या दाराशी पोचले, कुलपात किल्ली जाईना.

आई सोफ्यावर घोरत होती. फोनचा रिसीव्हर उशीखाली दाबून ठेवलेला! 'दोनदा आलीस फोनवर, तिसऱ्यांदा पोराला उठवलं असतंस म्हणून काढून ठेवला.' आणि पाळण्यात तो. डोळे मिटलेले. हात छातीवर. अगदी शर्टावरचा! मी बघत राहिले, छाती हलतेय की मलाच भास होतोय ते कळेना, शेवटी राहवेना म्हणून उचलून गदागदा हलवला. असं भोकाड पसरलं त्यानं म्हणता! शेजारच्यांनी भिंत बडवली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. आई म्हणाली, 'झोपलेलं पोर उठवणारी तू पहिलीच.'

आता तुम्हाला वाटेल संपलं. कुठलं! टेप राहिली ना. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. रेकॉर्ड करणाऱ्यानं बाजू नेमकी कधी उलटली? सांगा! छोटा जकोबी, हात वर, हुंदके, हे सगळं पहिल्या बाजूला, स्वच्छ, अक्षर न् अक्षर. मग टेप संपली. तो स्वतःच गर्दीत ओरडत राहिला, बाजू उलटायची आठवण झाली उशिरा, आणि दुसरी बाजू सुरू होते ती थेट नाचाच्या गाण्यानं. मधलं सगळं गेलं. डेल्विन गेला, किटो गेला, रॉन्डेल गेला. जिवंत झालेले सगळे त्या फटीत पडले. जकोबी तेवढा मेलेला राहिला, आणि सोमवारी दुकानात आला.

मंगळवारी दारात दुखवट्याचं पहिलं पातेलं. चीज घातलेली मॅकरोनी. मी म्हटलं, 'अहो, पोरगं जिवंत आहे हो माझं!' ती बाई माझ्या गालावरून हात फिरवून गेली. बुधवारी तळलेली कोंबडी दोन ठिकाणाहून, उकडलेली पालेभाजी, रताळ्याचा गोड केक. बसचा ड्रायव्हर पैसे घेईना. न्हाव्यानं दुकानाबाहेर मेणबत्ती लावली. मी प्रत्येकाला सांगतेय, प्रत्येकाला! घसा बसला माझा. लोक मान हलवतात आणि ट्रेनीसला बाजूला घेऊन विचारतात, 'झोपते का गं ती नीट?'

आणि गुरुवारी मिसेस पेटिफर्ड. चर्चमधल्या, जांभळी टोपी, हातात एवढं मोठं भाजलेलं हॅम. या वेळी मी शहाणपणा केला. बोलायचंच नाही, म्हटलं, दाखवायचा! जकोबीला कडेवर घेतला, त्याच्या हातात बिस्किट, नाकातून शेंबूड, जिवंतपणाची आणखी काय खूण पाहिजे? आणि दार उघडलं सताड.

मिसेस पेटिफर्डनी त्याच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले त्यांचे.

'अगं, हा दुसरा होय! देवानं एक तरी ठेवला गं पदरात. नाव काय ठेवलंस?'

मी जकोबीला दुसऱ्या कडेवर घेतला. तीन दिवस झाले होते हो सांगून सांगून. आणि हॅम गार होत होतं.

'जकोबी,' म्हटलं.

'भावाचंच ठेवलंस,' त्या म्हणाल्या, 'बरं केलंस.'

म्हटलं, या आत.